क्लोरिंदाबाईंची विनवणी

आमच्या बेटाकडे मिरवण्यासारखं फारसं काही नाही, हे मी आधीच कबूल करते. ना धक्का धड, ना दुकान धड. बटाटे चांगले होतात, पण ते शेजारच्या बेटावरही होतात. तरी मोठ्या बेटावरच्या कास्त्रो गावच्या बाजारात आमच्या होडीतून उतरलेला माणूस जरा मान ताठ ठेवूनच चालतो. आणि कुणी विचारलं की बाबा, एवढा कसला तोरा, तर सांगतो, "आमच्याकडे क्लोरिंदाबाई आहेत."

मी ओतिलिया. चर्चमधल्या संतांचे कपडे शिवते. संतांच्या मापाबद्दल मला जे माहीत आहे ते सांगायला लागले तर भाविकांचा विश्वास उडेल, म्हणून ते राहू द्या. सांगायचं आहे ते क्लोरिंदाचं. माझी ती मैत्रीण, म्हणून मी तिची बाजू घेणार हे उघड आहे. ज्याला निःपक्ष गोष्ट हवी त्याने दुसरीकडे जावं.

पाद्री आमच्याकडे वर्षातून एकदा येतो, तोही समुद्राच्या मर्जीने. साठलेली लग्नं लावतो, बाप्तिस्मे उरकतो, कोंबडी खातो आणि भरती बघून निघतो. उरलेलं वर्षभर देवाचं घर चालवतो तो फिस्काल. घंटा, रविवारची प्रार्थना, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मेलेल्याला माती देणं, सगळं त्याच्याकडे. पूर्वापार फिस्काल म्हणजे पुरुष, मिशीवाला आणि खणखणीत आवाजाचा. म्हातारा फिस्काल वारला तेव्हा पाद्र्याने भर चर्चमध्ये विचारलं, "सगळ्या प्रार्थना तोंडपाठ कोणाला येतात?" पुरुष आपापल्या बुटांकडे पाहू लागले. क्लोरिंदा लेविकॉय मागच्या बाकावर बसली होती. तिने हात वर केला नाही की उठून उभी राहिली नाही. नुसती म्हणायला लागली. मृतांसाठीची, आजाऱ्यांसाठीची, पेरणीची, वादळाची. पाद्र्याने थांबवलं तेव्हाच थांबली.

अशी आमची फिस्काल झाली बाई.

सगळ्यांना ते रुचलं असं नाही. नोल्बेर्तो कार्कामोला तर ते अजिबात पचलं नाही. बेटावरचे सगळ्यात दांडगे बैल त्याचे, आणि डोकंही त्यांच्याच जातीचं. तो म्हणाला, "बाईने माती दिलेला माणूस स्वर्गाच्या वाटेवर पत्ता विसरेल. बाई फिस्काल आहे तोवर मी या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही." आता पंचाईत अशी, की चर्चचे खांब त्याच्याच पणजोबाने तोडून आणलेले. रविवारी घरी बसला तर पणजोबाचा अपमान, आत आला तर शब्दाचा. मग त्याने मधला मार्ग काढला. दर रविवारी यायचा आणि उघड्या दारात, टोपी हातात धरून, पाठीवर पाऊस घेत उभा राहायचा. आमच्याकडचा पाऊस काही विचारू नका. त्याच्या घोंगडीतून पाणी निथळून उंबऱ्याशी थारोळं व्हायचं. आत आम्ही गारठायचो. मी एकदा उठून दार लावायला गेले तर क्लोरिंदा म्हणाली, "राहू दे गं उघडं. नोल्बेर्तोंना ऐकू गेलं पाहिजे."

ऐकण्यासारखंच असायचं ते. पाद्र्याने तिला संतांच्या चरित्रांचं पुस्तक दिलेलं होतं. ती ते वाचून दाखवत नसे. घरी वाचायची, चुलीपाशी घोळवायची, आणि रविवारी असं सांगायची की वाटावं, हा संत पलीकडच्या बेटावरच राहतो आणि कालच बियाण्याचे बटाटे घ्यायला येऊन गेला.

संत योसेफाच्या दिवशी म्हणाली, "अख्ख्या शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी एक वाक्य नाही. लाकूड तासलं, पोर वाढवलं, गाढव हाकलत परदेशी गेला, आणि तोंडातून अवाक्षर नाही. या बेटावर असा एक पुरुष दाखवा, उद्या त्याची मिरवणूक काढते." बायकांना हसू आवरेना. पुरुष छपराची लाकडं मोजायला लागले.

मान्सिया भावांचं कुंपणावरून वाजलं होतं. एक होडीत चढला की दुसरा उतरायचा. क्लोरिंदाने दोघांना एकाच दिवशी एकमेकांना कळू न देता जेवायला बोलावलं. मध्ये एकच ताट ठेवलं आणि म्हणाली, "लीमाच्या संत मार्टिनच्या ताटात कुत्रा, मांजर आणि उंदीर एकत्र जेवले. तुम्ही तर एकाच आईचे. सुरुवात करा, नाहीतर मी उंदीर पकडून आणते." जेवले की मुकाट्याने! कुंपणाचा वाद अजून आहे म्हणा, पण भांडतात ते एकाच होडीत बसून.

आणि माझी गंमत. काही हरवलं की आमच्याकडे संत अंतोनीला डोक्यावर उभा करतात. वस्तू सापडेपर्यंत बिचाऱ्याची सुटका नाही. माझी कात्री हरवली तेव्हा मीही त्याला पेटीत उलटा कोंबला होता. क्लोरिंदाने तो काढला, धूळ पुसली आणि फळीवर सरळ ठेवला. म्हणाली, "ओती, कात्री तू हरवलीस. त्यात ह्याचं काय चुकलं? माझा नवरा समुद्रात गेला आणि सापडला नाही, तेव्हासुद्धा मी ह्याला सुलटाच ठेवला होता."

तेव्हापासून आमच्या घरात अंतोनी सुलटा आहे.

नवरा गेला तेव्हा क्लोरिंदा तरुण होती, पदरात दोन मुली. रिवाजाप्रमाणे लोकांनी बटाट्याची पोती आणून दारात ठेवली. तिने ती घेतली, कारण मुलींना भूक होती. आणि पुढच्या हंगामात पोत्याला पोतं मोजून ज्याचं त्याच्या दारात नेऊन ठेवलं. लोकांना कौतुक वाटलं. मलाही वाटलं. "कुणाचं मिंधं राहायचं नाही," हे तिचं ब्रीद होतं. दिवसाउजेडी मदत करावी आणि आभार मानायच्या आत पळून जावं, ही तिची रीत. मुली मोठ्या होऊन दूर दक्षिणेला पुंता अरेनास शहरात कामाला गेल्या, तरी ती तशीच राहिली. तिने उपकार करायचे, आपण घ्यायचे, असाच बेटाचा व्यवहार होऊन गेला होता.

तिचं घर अगदी किनाऱ्यावर, नवऱ्याने होडी डोळ्यांसमोर राहावी म्हणून बांधलेलं. आणि समुद्र गेली काही वर्षं तो काठ कुरतडत होता. त्या हिवाळ्यात एका वादळात कुंपण गेलं. पुढच्या वादळात कोंबड्यांचं खुराडं गेलं. कोंबड्या वाचल्या, त्या तिने घरात घेतल्या. आता दरड आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्यामध्ये एक खाट मावेल एवढीच जमीन उरली होती. आमचा ऐन हिवाळा म्हणजे जुलै, त्यातली मोठी भरती आली की घर गेलंच म्हणून समजा.

आमच्याकडे यावर उपाय सोपा आहे. घर ओढायचं. घरं लाकडाची, खुंटांवर उभी. खुंट काढायचे, खाली लांब ओंडके सरकवायचे, बैल जुंपायचे, दोर लावायचे, आणि अख्खं गाव मिळून घर हवं तिथे न्यायचं. खिडक्यांच्या पडद्यांसकट! याला आम्ही मिंगा म्हणतो, आपली इर्जिकच. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. पण एक अट आहे, आणि ती मोडत नाही. घरमालकाने स्वतः दारोदार जाऊन विनवणी करायची. रिकाम्या हाताने उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि ठरलेले शब्द म्हणायचे, "शेजारी, माझ्या घराला तुमचे हात हवेत. देवासाठी या." मग आतला म्हणतो, "या घरातून बैल येतील," किंवा "या घरातून माणूस येईल," आणि तुम्हाला चुलीजवळ बसवून माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा काढा, पाजतो. शब्द म्हटले की कोणी नाही म्हणत नाही. न म्हटले तर कोणी येत नाही. न विनवता बैल न्यायचे ते एकाच घरी, जिथे घरधनी मेलेला असतो आणि विनवायला तोंड उरलेलं नसतं.

लाजरेबुजरे घरमालक क्लोरिंदालाच बरोबर न्यायचे; ते उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि शब्द ती म्हणायची. तिने ते शब्द किती दारांत म्हटले असतील, देव जाणे. म्हणून खुराडं गेलं त्या दिवशी मी शाल घेऊनच तिच्याकडे गेले.

"कधी निघायचं?"

"कुठे?"

"कुठे काय? विनवणीला."

"बघू," ती म्हणाली, आणि कोंबडीला टेबलावरून हाकललं.

"क्लोरिंदा, समुद्र 'बघू' म्हणत नाही."

"ओती, मी फिस्काल आहे. लोकांनी मला नाही म्हणायचं कसं? माझी विनवणी म्हणजे हुकूम होईल. लोकांवर ओझं नको."

कारण मोठं साधुत्वाचं होतं. म्हणूनच मला ते खरं वाटेना. मी म्हटलं, "विनवणीला सगळेच हो म्हणतात. त्यात फिस्कालचं काय एवढं? तुला मागायची लाज वाटते, असं सरळ म्हण की."

"चहा घेणार आहेस का?" तिने विचारलं. बोलणं संपलं. मी चहा न घेता निघाले, आणि येताना वाटेतल्या प्रत्येक दगडाला शिव्या दिल्या.

मग घंटा वाजवणाऱ्या रोसेंदोच्या डोक्यात प्रकाश पडला. रोसेंदो चार पोरांचा बाप, मनाने लोणी, पण अक्कल थोडी उशिरा पोचते. तो घरोघर सांगत सुटला, "बाई मागणार नाहीत. आपणच जाऊ. प्रेमाने!" मी त्याला म्हटलं, "अरे, असं करत नाहीत." पण लोकांना इतके दिवसांचं ऋण फेडायची घाई झाली होती. ते कसले ऐकतात! शनिवारी सकाळी ओंडके, दोर, बैलजोड्या असा सगळा लवाजमा तिच्या दारात. एकट्या नोल्बेर्तोचे बैल नव्हते. रोसेंदोने बोलावलं तेव्हा तो म्हणाला होता, "बाई मेली की सांग, तेव्हा आणतो." हे ऐकून सगळ्यांनी त्याला मनसोक्त नावं ठेवली. मीही ठेवली.

क्लोरिंदा दार उघडून बाहेर आली. तिने बैल बघितले.

"कोण मेलंय इथे?" ती म्हणाली.

रोसेंदोने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "कुणी नाही हो, बाई. आम्ही आपलं... प्रेमाने आलो."

"प्रेमाने मला जिवंतपणी पुरायला आलात?"

तिचा आवाज चढला नाही, पण पुढे उभे असलेले मागे सरले. मग एकेक जोडी मागे वळली. चिखलात ओंडके तसेच पडून राहिले. मला रोसेंदोची कीव आली, आणि क्लोरिंदाचा राग आला, आणि मनात कुठेतरी असंही वाटलं की बाई असावी तर अशी. तिन्ही एकदम वाटलं. पण भरती जवळ येत होती आणि घर जागचं हललं नव्हतं.

तेवढ्यात संत पेत्राचा दिवस आला. कोळ्यांचा संत, आमचा सगळ्यात लाडका. त्या वर्षी मी त्याला नवी निळी घोंगडी शिवली होती. एरवी त्याला होडीत बसवून खाडीत फिरवतात, पण वारा असा होता की संतालाच पोहायची वेळ आली असती. म्हणून सगळे चर्चमध्येच दाटीवाटीने बसलो होतो. दारात नोल्बेर्तो, नेहमीसारखा भिजलेला.

क्लोरिंदा उभी राहिली आणि तिने पेत्राच्या किल्ल्यांची गोष्ट सांगितली. स्वर्गाच्या किल्ल्या, त्या कोणाला दिल्या, का दिल्या. गोष्ट बरोबर होती, पण मीठ घालायला विसरल्यासारखी होती. पाठ केलेलं सांगते आहे हे पोरांनासुद्धा कळलं, ती चुळबुळायला लागली.

"गेल्या वर्षीची सांगा," दारातून आवाज आला.

अख्खं चर्च वळलं. इतक्या वर्षांत त्या दारातून खोकल्यापलीकडे काही ऐकू आलं नव्हतं.

"गेल्या वर्षी पाय धुण्याची सांगितली होती. ती चांगली होती," नोल्बेर्तो म्हणाला.

"आज किल्ल्यांची आहे," क्लोरिंदा म्हणाली.

"मग मी सांगतो." टोपी हातात पिळत त्याने सुरू केलं, आधी अडखळत, मग सरळ. "शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने कमरेला पंचा बांधला, पाण्याचं भांडं घेतलं आणि एकेका शिष्याचे पाय धुवायला बसला. पेत्राची पाळी आली. पेत्र म्हणाला, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस. ऐकणाऱ्याला वाटावं, काय नम्र माणूस आहे! आणि तुम्ही म्हणालात... हे तुमचं आहे बाई, माझं नाही... तुम्ही म्हणालात, ती नम्रता नव्हती, तो ताठा होता. दुसऱ्याचे पाय धुवायला सगळ्यांना आवडतं, मोठेपणा मिळतो. स्वतःचा पाय पुढे करायला लाज वाटते, कारण त्याला चिखल लागलेला असतो. मग प्रभू म्हणाला, धुवू देणार नसशील तर तुझा माझा काही संबंध नाही. तेव्हा कुठे त्या कोळ्याने पाय पुढे केला."

त्याने टोपी डोक्यावर चढवली.

"मी बाहेर उभा असतो, बाई. बहिरा नाही."

आणि गेला. पावसात. क्लोरिंदाने पुस्तकाची पानं पुढे केली, मागे केली, "आमेन" म्हटलं, आणि शेवटचं गाणं न होताच सगळे उठले. मी नोल्बेर्तोवर चिडले होते, भर सणाच्या दिवशी बाईमाणसाचा असा पाणउतारा करतात का! पण घरी जाता जाता राग उतरला आणि ऊर भरून आलं. पाद्र्याचं प्रवचन पाद्री होडीत बसायच्या आत आम्ही विसरतो. आणि हिने सांगितलेली गोष्ट, जो तिच्या नावाने बोटं मोडतो त्याने वर्षभर शब्दन् शब्द जपून ठेवली होती. अशी फिस्काल दाखवा मला दुसऱ्या बेटावर!

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लोरिंदा माझ्या दारात. काळी ठेवणीतली शाल, केस ओले करून चापूनचोपून बसवलेले.

"चल, ओती."

मी कुठे म्हणून विचारलं नाही. हातातली सुई तशीच टोचून ठेवली आणि निघाले. मला वाटलं, सोप्या दारापासून सुरुवात करेल, रोसेंदोकडून वगैरे. ती सरळ चढ चढून नोल्बेर्तोच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

तो दारात आला. क्लोरिंदाने हात मोकळे सोडले आणि सुरुवात केली. "शेजारी, क्लोरिंदा लेविकॉयच्या घराला..."

सवयच ती! दुसऱ्यांसाठी विनवता विनवता जिभेला तेच वळण पडलेलं.

"कोणाच्या?" नोल्बेर्तोने विचारलं.

"क्लोरिंदाच्या."

"ओळखतो मी तिला. ती स्वतः नाही आली?"

मला त्याच्या डोक्यात लाकूड घालावंसं वाटलं. क्लोरिंदाने खाली समुद्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. समुद्रात नवरा गेला त्या दिवशीही मी तिला असं अडखळताना पाहिलं नव्हतं.

"माझ्या," ती शेवटी म्हणाली. "माझ्या घराला, शेजारी. माझ्या घराला तुमचे बैल हवेत. तुमचे हात हवेत. देवासाठी या."

नोल्बेर्तोने टोपी काढली. "या घरातून बैल येतील," तो म्हणाला. "सगळे येतील." आणि आत नेऊन तिला चुलीजवळच्या आपल्या स्वतःच्या खुर्चीत बसवलं. मातेचा कप तिच्या हातात देत म्हणाला, "त्या दिवशी बैल आणले नाहीत, तर लोक मला दगड म्हणाले."

"आणले असतेत तर मी तुम्हाला दगड मारला असता."

"मारला असतात. म्हणून तर नाही आणले."

दोघं हसली. मी नाही हसले. मला माते मिळायचं होतं अजून.

मग दारामागून दार. प्रत्येक ठिकाणी तिचे शब्द थोडे सोपे होत गेले. रोसेंदो तर तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच "या घरातून माणूस येईल" म्हणून मोकळा झाला आणि रडायला लागला. त्याला तिने पुन्हा सगळं नीट ऐकायला लावलं. दुपार कलली तेव्हा बेट संपत आलं होतं. माझ्या पोटात इतकं माते गेलं होतं की चालताना डुचमळत होतं. शेवटच्या वळणावर एदुविनाची झोपडी दिसली आणि मी म्हटलं, "चल, झालं. परत फिरू."

एदुविना म्हणजे एकटी म्हातारी. डोळे कधीचेच गेलेले, मागे कोणी नाही. बैल नाही, मेंढी नाही, एक कोंबडी, तीही अंडं घालून उपकार केल्यासारखं करणारी. ज्याला मासळी मिळेल तो तिचा वाटा दारात ठेवतो. लाकडं क्लोरिंदा नेऊन देते. बेटावर तिला कोणी काही कमी पडू दिलेलं नाही, याचा आम्हाला अभिमान आहे.

"अजून एक दार राहिलंय," क्लोरिंदा म्हणाली.

"तिच्याकडे काय मागणार तू? उगाच म्हातारीचा जीव खालीवर. द्यायला काही नाही म्हणून ओशाळेल बिचारी."

क्लोरिंदा वाटेतच थांबली. "ओती, तिच्या दारात विनवणीला शेवटचं कोण गेलं होतं?"

मी आठवून पाहिलं. मला कोणीच आठवेना.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "आपण सगळे मिळून तिचे पाय धुतोय. तिने कोणाचे धुवायचे?"

पावलांची चाहूल लागताच आतून एदुविना ओरडली, "क्लोरिंदा का गं? लाकडं आजच आणलीस? आहेत की अजून!"

"लाकडं नाही आणली, एदुविनाबाई. विनवणीला आलेय."

"कोणाकडे?"

"तुमच्याकडे."

"अगं, माझ्याकडे कुठले बैल?"

"हात आहेत ना?"

एदुविना उठली. चाचपडत खुंटीपाशी गेली, अंगावरचं मळकं एप्रन सोडलं, दुसरं धुतलेलं काढून बांधलं आणि गाठ दोनदा तपासली. मग भिंतीला धरून दारात येऊन उभी राहिली, ताठ.

"हं. आता म्हण," ती म्हणाली. "सगळं म्हण. मधलं काही गाळू नकोस."

क्लोरिंदाने सगळं म्हटलं. एकदाही अडखळली नाही. एदुविनाने मान वर करून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

"या घरातून माणूस येईल," ती म्हणाली, आणि आमच्यासाठी माते करायला घेतलं. चूल पेटवायला मी हात पुढे केला तर माझ्या हातावर चापट बसली.

घर ओढायच्या दिवशी वारा पडला होता. कडेला बायकांनी खड्ड्यात दगड तापवले, त्यावर शिंपले, मांस, बटाटे रचले आणि नाल्काच्या मोठ्या पानांनी झाकून वर माती लोटली. घराखाली ओंडके गेले. बैल जुंपले, सगळ्यात पुढे नोल्बेर्तोचे. रिवाजाप्रमाणे घरमालकाने कशाला हात लावायचा नसतो. क्लोरिंदाने तीनतीनदा दोर धरायला पुढे व्हावं आणि नोल्बेर्तोने ओरडावं, "बाई, मागे! तुमचं काम बघायचं!" शेवटी ती हात बांधून एका दगडावर उभी राहिली.

तेवढ्यात वाटेवरून काठी ठोकत एदुविना आली. तेच धुतलेलं एप्रन. रोसेंदो धावला. "आजी, तुम्ही इथे बसा हं. खड्ड्याजवळ ऊब आहे. पडाल-बिडाल."

"मला विनवलंय," एदुविना म्हणाली. "तुला विनवलं तसंच. दोर कुठाय?"

"अहो, पण..."

"दोर दे मेल्या!"

दिला त्याने. रांगेतली माणसं सरकली आणि तिला मधोमध जागा झाली. नोल्बेर्तोने हाळी दिली, बैलांनी माना घातल्या, दोर ताणले, आणि घर करकरलं. क्षणभर वाटलं, हलत नाही. मग हललं. खिडकीतला पडदा डुलला, आणि अख्खं घर दरडीवरून निघून हळूहळू चढाला लागलं. पोरं बोंबलत पुढे पळाली. मी दोर ओढता ओढता क्लोरिंदाकडे पाहिलं. ती रडत होती. तोंड लपवत नव्हती, डोळे पुसत नव्हती, ज्याला बघायचं त्याने बघावं अशी उभी राहून रडत होती. मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, पाद्र्यासमोर सगळ्या प्रार्थना तोंडपाठ म्हटल्या त्या दिवशीसुद्धा नाही.

चढावर चर्चच्या पाठीशी घर टेकलं तेव्हा संध्याकाळ होत आली होती. खड्डा उघडला, वाफेचा लोट उठला, अकॉर्डियन वाजायला लागलं. एदुविनाला क्लोरिंदाने आपल्या शेजारी बसवलं. पानावर घास घेताना मी म्हातारीचे तळहात पाहिले. दोराने सोलवटून निघाले होते, फोड आले होते.

"अगंबाई! थांबा, चरबी लावते," म्हणून मी उठले.

तिने हात मागे ओढून घेतले. "राहू दे गं. उद्या कोणी आलं तर दाखवायला नकोत?"

क्लोरिंदाने घास खाली ठेवला आणि तिचे दोन्ही तळहात आपल्या हातांत घेतले.

"आधी मला दाखवा," ती म्हणाली.